वाचकांचे प्रश्न : ॲड्रियाटिकचा किनारा, भाड्याची गाडी आणि फेरीबोट

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. मी बँकेतून निवृत्त झालो आहे, पत्नीला रजेची अडचण नाही, आणि माझी ७४ वर्षांची आईही बरोबर येणार आहे. तिची प्रकृती उत्तम आहे, फक्त जिने चढताना गुडघे दुखतात. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, भाऊबीज आटोपून नोव्हेंबरच्या मध्यावर क्रोएशियाच्या किनाऱ्याने बारा रात्रींची सहल करावी असा विचार आहे. स्प्लितला उतरून गाडी भाड्याने घ्यायची, फेरीबोटीने ब्राच, ह्वार, कोर्चुला, म्ल्येत आणि लास्तोवो ही पाच बेटे करायची, मधल्या दोन दिवसांत बोस्नियातील मोस्तार आणि मॉन्टेनिग्रोतील कोतोर पाहायचे आणि दुब्रोव्निकहून परतायचे. कोकणात मी वर्षानुवर्षे गाडी चालवली आहे, त्यामुळे वळणांची भीती वाटत नाही. हा आराखडा कसा वाटतो?

उत्तर : आपला किनारा योग्य आहे, गाडी आणि बोट यांची जोडीही योग्य आहे, महिना मात्र बदलावा आणि बेटे कमी करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम महिन्याविषयी. ॲड्रियाटिकच्या पूर्व किनाऱ्याचे पावसाचे गणित आपल्या बरोबर उलटे आहे. तेथील उन्हाळा कोरडा असतो, पाऊस शरद ऋतूपासून वाढत जातो आणि दक्षिण किनाऱ्यावर नोव्हेंबर हा वर्षातील सर्वांत पावसाळी महिन्यांपैकी एक असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यावर स्प्लितमध्ये संध्याकाळी साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. सप्टेंबरच्या अखेरीस तो पावणेसातच्या आसपास मावळत असतो. सहलीच्या प्रत्येक दिवसातले दोन तास असे हातचे जातात. त्यातच फेरीबोटींचे हिवाळी वेळापत्रक सुरू झालेले असते, फेऱ्या घटलेल्या असतात, आणि बेटांवरील बरीच हॉटेले व खानावळी वसंतापर्यंत कुलूप लावून बसलेल्या असतात. बेटावर पोहोचायचे आणि जेवायला जागा शोधत अंधारात फिरायचे, हे आईंच्या सोबतीने करू नये.

यंदा अधिक ज्येष्ठामुळे आपले सण उशिरा आले आहेत, आणि त्याचा आपल्याला फायदा करून घेता येईल. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे आणि घटस्थापना ११ ऑक्टोबरला. विसर्जन झाल्यावर दोन दिवसांनी निघून घटस्थापनेच्या आदल्या दिवशी परत यावे, हा काळ मला सर्वांत उत्तम वाटतो. समुद्राचे पाणी तेव्हा अजून वीस-बावीस अंशांच्या आसपास असते, ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते आणि द्राक्षांची तोडणी संपून ऑलिव्हची सुरू होण्याच्या बेतात असते. हा पंधरवडा पितृपक्षाचा आहे, याची मला जाणीव आहे. वडिलांची तिथी या दिवसांत येत असेल आणि आईंना ती घरी करायची असेल, तर तिचा मान ठेवून तिथीनंतर निघावे आणि परतीचा दिवस तितका पुढे न्यावा. दसरा २० ऑक्टोबरला आहे, तोपर्यंतही हवा बहुधा साथ देते. त्यानंतरचा प्रत्येक आठवडा मात्र धोका वाढवत जातो.

धोका म्हणतो तो वाऱ्याचा आहे, आणि या किनाऱ्याची सहल आखताना सर्वाधिक विचार त्याचाच करावा लागतो. तेथे दोन वारे नावाजलेले आहेत. बुरा हा ईशान्येकडून, डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा थंड, कोरडा वारा. आपल्या कोळी बांधवांच्या बोलीतला मतलई वारा जमिनीवरूनच समुद्राकडे जातो, पण तो पहाटेचा मवाळ वारा. बुराची दिशा तशीच असली तरी त्याचे झोत इतके प्रचंड असतात की पूल आणि रस्त्यांचे काही भाग वाहनांसाठी बंद करावे लागतात. आकाश मात्र निळेशार, स्वच्छ असते, म्हणून नवख्या माणसाची फसगत होते. वेलेबित पर्वताखालचा उत्तरेकडील पट्टा बुरासाठी सर्वांत कुप्रसिद्ध आहे, परंतु आपल्या वाटेवरील ओमिश ते मकार्स्का हा बियोकोवो डोंगराच्या पायथ्याचा रस्ताही त्यातून सुटत नाही. दुसरा वारा जुगो. तो आग्नेयेकडून, ॲड्रियाटिकच्या लांबीभर वाहत येतो, दमट असतो, ढग आणि पाऊस आणतो, आणि एवढ्या लांबवरून येत असल्याने मोठ्या लाटा उभ्या करतो. शरदात तो वारंवार येतो आणि एकदा लागला की दोन-तीन दिवस राहू शकतो.

मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कोर्चुलाला असताना जुगो दोन दिवस वाहिला होता. स्प्लितला जाणारी कॅटामरान, म्हणजे फक्त माणसांना नेणारी जलद बोट, रद्द झाली. बंदरावरचे प्रवासी हताश होऊन बसले होते. आमची गाडी मात्र दोमिंचेच्या धक्क्यावरून ओरेबिचला जाणाऱ्या मोठ्या फेरीबोटीवर चढली, कारण ती खाडी अरुंद आहे आणि ते अंतर जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचे आहे. तेथून आम्ही रस्त्याने निघालो. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो, आणि आपणही तो पाळावा असा माझा आग्रह आहे : ज्या बेटावरून मुख्य भूमीवर येण्यासाठी आखूड फेरीचा पर्याय आहे, तेथेच मुक्काम करावा, आणि विमानाच्या आधीच्या किमान दोन रात्री मुख्य भूमीवरच काढाव्यात.

या कसोटीवर लास्तोवो आपोआप गळते. ते बेट अतिशय सुंदर व शांत आहे, पण दूर आहे आणि तेथील फेऱ्या मोजक्या आहेत. ब्राचही सोडून द्यावे. स्प्लितहून सुपेतारला पन्नास मिनिटांत बोट पोहोचते, म्हणून ते एखाद्या मोकळ्या दिवशी गाडीशिवायही पाहून येता येईल. म्ल्येतविषयी पुढे सांगतो.

मी सुचवतो तो मार्ग असा. पहिल्या तीन रात्री स्प्लितमध्ये काढाव्यात आणि तोपर्यंत गाडी घेऊच नये. जुन्या शहरात गाडी जात नाही, ती उभी करण्याचे पैसे व्यर्थ जातात, आणि रात्रभराच्या विमानप्रवासानंतर उजव्या बाजूच्या रहदारीत पहिल्यांदा चाक हाती घेणे मला मान्य नाही. रोमन सम्राट डायोक्लिशियनने सुमारे इसवी सन ३०५ मध्ये निवृत्तीनंतर राहण्यासाठी बांधलेल्या राजवाड्याच्या भिंतींतच आजचे जुने स्प्लित वसले आहे. १९७९ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. वाडा सपाटीवर असल्याने आईंना तेथे निवांत हिंडता येईल. पावसानंतर गुळगुळीत झालेल्या फरशीवर मात्र रबरी तळव्यांचेच जोडे हवेत.

चौथ्या दिवशी गाडी घेऊन स्प्लितच्या बंदरातूनच ह्वार बेटावरील स्तारी ग्रादची फेरी धरावी. ती सुमारे दोन तासांची आहे. तीन रात्रींचा मुक्काम गजबजलेल्या ह्वार शहरात न करता स्तारी ग्रादमध्ये करावा. पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी इसवी सनपूर्व ३८४ मध्ये येथे वसाहत केली आणि शेजारच्या मैदानाचे दगडी बांध घालून जे तुकडे पाडले, ते बांध आजही जागेवर आहेत व त्यांच्यामध्ये आजही द्राक्षे आणि ऑलिव्हच पिकतात. चोवीसशे वर्षे एकाच आखणीत शेती चालू असलेली जमीन मी दुसरीकडे पाहिलेली नाही. २००८ मध्ये या मैदानाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सगळे सपाट आहे, गाडी बांधाशी उभी करून आईंना संध्याकाळी चालता येईल. माझ्या मते या सहलीतली सर्वांत मोलाची संध्याकाळ तीच असेल.

ह्वारहून परत स्प्लितला येण्याची गरज नाही. बेटाच्या पूर्व टोकाला सुचुराय हे गाव आहे आणि तेथून समोरच्या द्र्‌वेनिकला छोटी फेरीबोट अर्ध्या-पाऊण तासात नेते. हीच ती आखूड फेरी, जिच्या भरवशावर ह्वारला मुक्काम करायचा. येल्सापासून सुचुरायपर्यंतचा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता अरुंद आणि वळणावळणांचा आहे. टाकी भरून, दिवसाउजेडी निघावे आणि मुसळधार पावसात निघू नये. आपल्याला श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडच्या रस्त्यांची सवय असल्याने तो जड जाणार नाही.

द्र्‌वेनिकहून किनाऱ्याने दक्षिणेला प्लोचेकडे यावे. येथे एका गोष्टीची फार काळजी घ्यायची आहे. क्रोएशियाचा किनारा नेउम या गावापाशी तुटतो. तेथे बोस्नियाची वीसेक किलोमीटरची समुद्रपट्टी मध्ये येते. २६ जुलै २०२२ रोजी २,४०४ मीटर लांबीचा प्येल्येशात्स पूल सुरू झाला आणि ही पट्टी टाळून जाता येऊ लागले. परंतु मोबाइलवरील नकाशा कधीकधी जवळचा म्हणून नेउमचाच रस्ता दाखवतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. आपला व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल आणि आपण नेउममध्ये शिरलात, तर शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि समोर दुब्रोव्निक असूनही आत येण्याचा हक्क उरत नाही. म्हणून प्लोचेनंतर पाट्या वाचत पुलावरूनच जावे, किंवा प्लोचेहून त्र्पान्यची फेरी धरून थेट प्येल्येशात्स द्वीपकल्पावर उतरावे. मोस्तार आणि कोतोर मी याच कारणास्तव या सहलीतून वगळले आहेत. दोन वा अधिक प्रवेशांचा व्हिसा मिळाला, गाडीच्या मालकांनी सीमा ओलांडण्याची लेखी परवानगी दिली, आणि शेवटी एखादा दिवस उरला, तरच दुब्रोव्निकहून कोतोरला जावे. दोन्ही मात्र करू नयेत. सीमेवरच्या रांगेत दिवसाचा मोठा भाग जातो.

पुढे ओरेबिच, तेथून ती छोटी फेरी आणि कोर्चुला, दोन रात्री. मार्को पोलोचा जन्म येथला असे तेथले लोक अभिमानाने सांगतात. त्याला ठोस पुरावा नाही, पण १२९८ मध्ये जिनोवा आणि व्हेनिस यांच्या आरमारांची मोठी लढाई याच बेटाजवळ झाली, हे इतिहासाला मान्य आहे. परत येताना स्तोनला दुपारभर थांबावे. १३३३ मध्ये हे द्वीपकल्प दुब्रोव्निकच्या प्रजासत्ताकाकडे आले आणि लगेच तटबंदीला सुरुवात झाली. तिचा साडेपाच किलोमीटरचा भाग शिल्लक आहे. एवढी भिंत ज्यासाठी बांधली, ती मिठागरे आजही चालू आहेत. आपण मुलुंडचे असल्याने हे मुद्दाम सांगतो. पूर्व द्रुतगती मार्गावरून रोज दिसणारी आपली मिठागरे बांधकामांच्या चर्चेत अडकली असताना, मिठाचे वाफे हीच आपली दौलत मानून शतकानुशतके जपणारे गाव पाहताना माझ्या मनात कालवाकालव झाली होती. आईंनी लहानपणी मिठागरावरची माणसे पाहिली असतील, तर त्यांनाच तेथे अधिक बोलायला सुचेल.

स्तोनजवळच्या प्राप्रात्नोहून म्ल्येतची फेरी सुटते. पाऊण तासाचा प्रवास आहे. हवा शांत असेल तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावे. १९६० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेली तेथील दोन खाऱ्या पाण्याची सरोवरे आणि पाइनचे रान यांसाठी एक दिवस पुरतो. शेवटच्या चार रात्री दुब्रोव्निकसाठी ठेवाव्यात. तेथील तटाची प्रदक्षिणा जवळजवळ दोन किलोमीटरची, चढउतारांची आणि पायऱ्यांची आहे. ती आपण दोघांनी सकाळी लवकर करावी आणि आईंना खाली मुख्य रस्त्यावर बसवावे. राहण्याची जागा घेताना पायऱ्या किती, हा प्रश्न मालकाला लिहून विचारावा, कारण त्या शहरातली निम्मी घरे जिन्यांच्या गल्ल्यांवर आहेत.

आता बोटीचे व्यवहार. गाड्या नेणाऱ्या बोटीला तेथे त्रायेक्त म्हणतात. कॅटामरान फक्त माणसांना नेते, हे तिकीट काढताना विसरू नये. सरकारी कंपनी याद्रोलिनिया बहुतेक फेऱ्या चालवते. गाडीचे तिकीट निराळे आणि चालकासह प्रत्येक माणसाचे निराळे असते. स्थानिक मार्गांवर तिकीट हाती असणे म्हणजे त्याच फेरीत जागा मिळणे नव्हे; रांगेत जो आधी, तो आधी चढतो. सप्टेंबरअखेरीस तास-दीड तास आधी पोहोचले तरी पुरते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने किंवा दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीने आपण गेला असालच. चढण्याची रीत तीच. फरक एवढा की मोठ्या बोटींवर प्रवास सुरू झाल्यावर गाड्यांचा मजला बंद करतात आणि सर्वांना वर जावे लागते. लिफ्ट प्रत्येक बोटीवर नसते. म्हणून चढतानाच कर्मचाऱ्याला आईंकडे बोट दाखवून सांगावे. जिन्याजवळची जागा ते आनंदाने देतात. औषधे, शाल आणि पाणी आधीच हातातल्या पिशवीत काढून ठेवावे.

गाडीसाठी परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. तो एक वर्ष चालतो, आणि मूळ परवाना त्याच्या जोडीला न्यावाच लागतो. तेथील बऱ्याच भाड्याच्या गाड्या हाताने गियर टाकण्याच्या असतात, आणि गियर उजव्या हाताला येतो. स्वयंचलित गाडी हवी असेल तर आत्ताच नोंदवावी. गावात ताशी ५०, गावाबाहेर ९० आणि महामार्गावर १३० किलोमीटर ही वेगमर्यादा आहे. मूळ विम्यात काचा, टायर आणि गाडीचा तळ सहसा येत नाहीत, आणि फेरीवर गाडी नेण्यास परवानगी व संरक्षण आहे का, हे लेखी घ्यावे. अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात. एकदा माझ्या खिशात पत्नीच्या नावाचे कार्ड होते, आणि तेवढ्यासाठी आम्हाला गाडी नाकारण्यात आली; संध्याकाळची बोट हुकली, ठरवलेली खोली वाया गेली. आपले कार्ड, त्यावरील मर्यादा आणि परदेशात वापरण्याची परवानगी या तिन्ही गोष्टी निघण्यापूर्वी तपासाव्यात.

व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; मुंबईत उन्हाळ्यात तारखा भरतात, म्हणून जुलैच्या पुढे जाऊ नये. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आईंचा विमा घेताना जुनी दुखणी लपवू नयेत. मुंबईहून थेट विमान नाही, आखातातून, इस्तंबूलमार्गे किंवा जर्मनीतून जावे लागते. जर्मनीतून गेल्यास शेंगेनचा प्रवेश तेथेच होतो आणि ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या नव्या नोंदणीत बोटांचे ठसे व छायाचित्र तेथेच घेतात. त्यामुळे पुढच्या विमानाआधी किमान तीन तास हातात ठेवावेत.

प्रश्न : आम्ही सप्टेंबरमध्ये याच किनाऱ्यावर जात आहोत. घरात सारे शाकाहारी आहेत आणि बेटांवर मासेच मिळतात असे ऐकले. फराळाचे डबे न्यावेत का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : डबे न्यावेत, पण निवडून. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. त्यामुळे तूप, पेढे, बर्फी हे सारे घरीच ठेवावे. ताजा कढीपत्ताही नेऊ नये, वनस्पतींच्या ताज्या भागांना प्रमाणपत्र लागते. तेलातल्या चकल्या, भाजणी, पोहे, कोरडे मसाले चालतील.

तेथे उपाशी राहायची वेळ येत नाही. ब्लित्वा ही चार्डची पालेभाजी बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेलात करतात, ती मागावी. स्प्लितजवळच्या पोल्यित्सा भागातला सोपार्निक म्हणजे पातळ पोळ्यांमध्ये तीच भाजी भरून भाजलेला पदार्थ. आमच्याकडच्या मुलांनी तो आवडीने खाल्ला. रिसोट्टो मागवताना तो माशांच्या पाण्यात शिजवला आहे का, हे विचारून घ्यावे, आणि काळा रिसोट्टो म्हणजे माकूळाच्या शाईतला, हे लक्षात असू द्यावे. सर्वांत सोपे म्हणजे स्वयंपाकघर असलेली जागा घेणे आणि स्प्लितच्या राजवाड्याच्या पूर्व भिंतीलगत भरणाऱ्या भाजीबाजारातून सकाळी टोमॅटो, अंजीर आणि कांदे आणणे.

प्रश्न : मला गाडी चालवता येत नाही. एकटीने, बस आणि बोट यांवर हा किनारा होईल का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : नक्की होईल. स्प्लितमध्ये बसस्थानक, रेल्वेस्थानक आणि बंदर एकमेकांना लागून आहेत आणि जुने शहर तेथून पायी दहा मिनिटांवर आहे. कॅटामरान तासाभरात ह्वार शहरात नेते; तिचे तिकीट ठरावीक फेरीचे असते, म्हणून आधी काढावे. स्प्लितहून बेटे घेत दुब्रोव्निकला जाणारी जलद बोट हंगामी असते, तिच्या शेवटच्या तारखा पाहूनच बेत करावा. बसने स्प्लित ते दुब्रोव्निक चार-साडेचार तास लागतात. जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, म्हणून उजवीकडची खिडकी मागावी, आणि तिकीट घेतानाच ती बस पुलावरून जाते की नेउममधून, हे स्पष्ट विचारून घ्यावे.